पाळकीणबाईंची चार कपाटं

पाळकीणबाईंकडून पुस्तक आणायचं म्हणजे आधी शेंगा फोडाव्या लागायच्या. दारातून आत जाऊन ‘सलाम बाई’ म्हटलं की त्या खुर्ची दाखवायच्या नाहीत, शेंगांनी भरलेलं सूप पुढं सरकवायच्या. रिकाम्या हातांची आई नुसती बोलत सुटते आणि मुद्द्याचं तेवढं लपवते, असं त्यांचं ठाम मत होतं. सूप निम्मं होईस्तोवर कोण कशासाठी आलंय ते त्यांना बरोबर कळायचं. मग त्या गुडघ्यावर हात टेकत उठायच्या आणि आपण मागितलेलं पुस्तक सोडून भलतंच पुस्तक हातात ठेवायच्या.

चर्चच्या आवारात पाळकांचं घर आहे, त्याला लागून एक खोली आहे, तिथं त्या राहायच्या. त्यांचे साहेब आमच्या मंडळीचे पाळक होते, ते वारून कितीतरी वर्षं झाली. नंतर दुसरे पाळक आले, बदलून गेले, आणखी आले, त्यांच्या बायकाही चांगल्याच होत्या. पण पाळकीणबाई म्हटलं की आमच्यासाठी ह्याच. खोलीत एक खाट, एक शेगडी, खलबत्ता आणि चार लोखंडी कपाटं. कपाटांत पुस्तकं होती, आणि ती सगळी घरी मुलांना शिकवणाऱ्या ख्रिस्ती आईबापांसाठी. काही मायदेशी परतणाऱ्या मिशनरी मडमांनी मागं ठेवलेली इंग्रजी, काही मराठी पुस्तिका, काही कानडी. कव्हर फाटलेली, दोऱ्यानं शिवलेली, चिकटपट्टी लावलेली.

ती विषयवार लावलेली नव्हती. गणित इकडं, भाषा तिकडं, बायबलच्या गोष्टी वरच्या फळीवर, असलं काही नाही. पहिलं कपाट चिडणाऱ्या आयांचं. दुसरं घाबरणाऱ्यांचं. तिसरं थकलेल्यांचं. आणि खिडकीजवळचं चौथं, ज्यांना सगळं येतं त्यांचं. बापांचं कपाट कुठाय, असं कुणीतरी एकदा विचारलं, तर बाप येतात कुठं, असं म्हणून बाईंनी विषय संपवला. मला पहिल्याच दिवशी चौथ्या कपाटातलं पुस्तक मिळालं. घरी येईपर्यंत मी खूश होते. नंतर दुसऱ्या एका आईकडून त्या कपाटाचा अर्थ कळला तेव्हा असा संताप आला की विचारू नका.

माझं प्रकरण असं होतं. आमची मुलगी तिसरीत होती. तिच्या वर्गात रोज एकेकाला उभं करून धडा वाचायला लावायचे. ही अडखळायची, पोरं हसायची, वर्गाच्या बाई ‘पुन्हा’ म्हणायच्या. होता होता तिनं वाचणंच सोडलं. धडा सोडाच, बिस्किटाच्या पुड्यावरचं नावसुद्धा वाचेना. रोज सकाळी पोट दुखायचं, रविवारी मात्र ठणठणीत. शेवटी मी तिला शाळेतून काढलं. आमच्या मंडळीत दोन-तीन कुटुंबं मुलांना घरीच शिकवत होती, देवाचं वचन आणि पाढे एकाच तोंडून पोरांच्या कानावर पडावेत म्हणून. माझं कारण एवढं थोर नव्हतं. मला माझी पोरगी हसायला हवी होती.

माझ्या मिस्टरांना हे अजिबात पटलं नव्हतं. ते टॉवेलच्या कारखान्यात हिशेबाला आहेत. त्यांच्या घराण्यात शाळा पुरी करणारे ते पहिले. त्यांच्या वडिलांनी शाळेसाठी त्यांना दुसऱ्या गावी ठेवलं, स्वतः अर्धपोटी राहिले. त्या माणसाला पोरगी शाळेतून काढली हे सहन कसं होणार? तरी त्यांनी मला एक वर्ष दिलं. पुढच्या जूनपर्यंत ती वाचायला लागली तर तुझं खरं, नाही तर शाळा, आणि मग रडायचं नाही. मी तोऱ्यात हो म्हणाले. एम.एस्सी. फर्स्ट क्लास आहे मी. एक नऊ वर्षांची पोर शिकवायची म्हणजे असं काय मोठं, असं वाटलं होतं.

त्या तोऱ्यात मी जे केलं ते आठवलं की आजही हसू येतं. माझी मावसबहीण अमेरिकेत असते. तिच्याकडून तिकडच्या ख्रिस्ती होमस्कूलवाल्यांचा अख्खा खोका मागवला. वर्षाचा, आठवड्याचा, दिवसाचा धडा ठरवून दिलेला. मला असं आखलेलं फार आवडतं. मी एक पान इकडचं तिकडं केलं नाही. त्यांचं वर्ष सप्टेंबरात सुरू होतं म्हणून आम्हीही सप्टेंबरपर्यंत थांबलो. पहिला धडा पानगळीचा. लाल-पिवळी पानं गोळा करा. आम्ही मायलेकींनी सोलापूरच्या जुळे सोलापूर भागातल्या सगळ्या कॉलन्या पालथ्या घातल्या, शेवटी एका बंगल्याबाहेर बदामाच्या झाडाची लाल पानं मिळाली. मग बर्फाचा माणूस. तो कापसाचा केला, पंखा लावला की उडायचा. तिकडच्या पक्ष्यांचा तक्ता भिंतीवर लावला, आणि खिडकीत रोज साळुंकी येऊन ओरडून जायची तिच्याकडे आम्ही बघितलंही नाही. पोरगी सगळं मुकाट्यानं करायची. वाचायची मात्र नाही.

एक दिवस तो खोका रिक्षात घालून मी बाईंकडं नेला. खरं सांगायचं तर दाखवायला नेला. बाईंनी एकेक पुस्तक काढून चष्म्याजवळ धरलं, चित्रांवरून बोट फिरवलं. कागद लई चांगला आहे म्हणाल्या, चित्रंही छान. मग सगळी परत नीट खोक्यात रचली आणि म्हणाल्या, “थंडी पडली की वाचू.” सोलापुरात तसली बर्फाची थंडी पडायची कुठून? तो खोका आमच्या माळ्यावर आहे.

बाईंच्या सवयी सगळ्यांना माहीत होत्या आणि सगळ्यांनी त्या सोसल्या होत्या. सोमवारी कपाटं उघडायची नाहीत, कारण सोमवार पाळकाच्या सुट्टीचा. साहेब जाऊन इतकी वर्षं झाली तरी सुट्टी चालू. उपासनेला जाताना स्वतःचं घडीचं स्टूल घेऊन जायच्या आणि बाकांवर न बसता दाराशी बसायच्या, कारण कंटाळलेली पोरं दाराकडंच येतात. एका बाईनं आपल्या मुलाच्या चुका सगळ्यांसमोर हसत हसत सांगितल्या, तिला त्यांनी वर्षभर पुस्तक दिलं नाही. ती बिचारी येऊन शेंगा फोडून जायची, रिकाम्या हातानं.

सगळ्यांत विचित्र म्हणजे पुस्तक परत घेण्याची पद्धत. जगात सगळीकडं पुस्तक स्वच्छ परत करा म्हणतात. बाई स्वच्छ पुस्तक परत घ्यायच्या नाहीत. मी पहिलं पुस्तक एका बैठकीत वाचून, तपकिरी कव्हर घालून परत नेलं. त्यांनी पानं फरफर चाळली, नाकाजवळ धरली आणि माझ्याकडं सरकवली.

“हे वाचलं न्हाईस तू.”

मी म्हटलं, वाचलं की, विचारा हवं ते. त्यांनी विचारलं नाही. पुस्तक टेबलावर वाचलंय, म्हणाल्या, आणि पोरगी स्वयंपाकघरात असते. जे पुस्तक चुलीपाशी गेलं नाही, पिठाच्या हातानं उघडलं नाही, ज्याच्यावर पोरानं एक रेघ ओढली नाही, त्याचा आईला उपयोग झालाच नाही, असा त्यांचा हिशेब. एका नव्या आईनं यावर तोड काढली. दोन-तीन पानांवर हळदीचं बोट टेकवलं आणि आणून दिलं. बाईंनी डाग उन्हात धरून बघितला. एवढा गोल डाग चुकून पडत नाही, म्हणाल्या, आणि तिला एक महिन्याच्या मुदतीनं तेच पुस्तक पुन्हा दिलं.

आणि प्रार्थना. पुस्तक हातात दिलं की त्या डोळे मिटून प्रार्थना करायच्या. सुरुवात अगदी व्यवस्थित, हे प्रेमळ स्वर्गीय पित्या वगैरे. मग घसरायच्या. प्रभू, हिची जीभ तू बघतोसच. हिला वाटतं पोरीला अक्कल हिनंच दिली. हिला जरा गप्प बसायला शिकव. आपलेही डोळे मिटलेले, मधे बोलायची सोय नाही, आणि शेवटी आमेन म्हणावंच लागायचं. समोरासमोर त्या कुणाला टाकून बोलल्याचं मला आठवत नाही. जे काय सांगायचं ते देवाला सांगायच्या, आम्ही ऐकून घ्यायचो.

हे सगळं त्यांना कुठून सुचलं, ते एकदा शेंगा फोडताना त्यांनीच सांगितलं. साहेबांच्या बदल्या अक्कलकोटच्या पलीकडच्या खेड्यांत. एका गावात शाळा कानडी, पुढच्या गावात मराठी, तिसऱ्या गावात शाळेचा रस्ता ओढ्यातून. पोरांची भाषा बस्तान बसायच्या आत बदलायची. म्हणून त्यांनी मुलांना चुलीसमोर बसवून शिकवलं. तुम्ही होमस्कूलिंग करायचात म्हणजे, असं मी म्हटलं, तर हसल्या. आम्ही त्याला बदली म्हणायचो, म्हणाल्या.

डिसेंबर आला, नाताळ झाला, पोरीच्या तोंडून एक ओळ निघेना. मिस्टर रात्री जेवताना तिच्याकडं बघायचे आणि मग माझ्याकडं. मला धडकी भरायला लागली. पुन्हा त्या वर्गात, पुन्हा ते उभं राहणं. मी बाईंकडं गेले आणि या वेळी शेंगांना हात न लावता सांगितलं, मला तुमची आयांसाठीची पुस्तकं नकोत, माझ्या मुलीसाठी द्या काहीतरी. पोरगी माझ्या शेजारीच बसली होती. बाईंनी कुठलंही कपाट उघडलं नाही. खाटेखालच्या ट्रंकेतून एक पातळ पुस्तक काढलं. कानडीचं पहिलं पुस्तक, पोरांच्या अंकलिपीसारखं.

“हे तिला न्हाय. तुला. दर गुरुवारी यायचं.”

मला कानडी कशाला, असं मी विचारलं. येत नाही म्हणून, त्या म्हणाल्या.

मी अगदी रडकुंडीला आले होते, वाद घालायचं त्राण नव्हतं, म्हणून हो म्हटलं. आणि गुरुवार सुरू झाले. माझ्यापुढं पुस्तक, पोरीपुढं शेंगांचं सूप, बाई खलबत्त्यात चटणी कुटत. वाटलं होतं दोन आठवड्यांत लिपी काढून टाकू. कसलं काय. कानडी अक्षरं सगळी गोलगरगरीत, म आणि व तर मला एकच दिसायचे. आणि बाई, ज्या इतर वेळी इतक्या मऊ, त्या मला शिकवताना वेगळ्याच व्हायच्या. मी अडखळले की लगेच, पुन्हा. लक्ष कुठं आहे तुझं. गेल्या गुरुवारी आलं होतं ना हे, मग आज काय झालं. इतकं सोपं आहे. कितव्यांदा सांगतेय मी. माझे कान तापायचे, जीभ जड व्हायची, येत असलेलं अक्षरही जायचं. तिसऱ्या-चौथ्या गुरुवारी मला एकदम उमगलं की ही सगळी वाक्यं घरी पोरीला शिकवतानाची माझीच आहेत. शब्दन्‌शब्द माझी. बाईंना ती कुणी सांगितली, ते सूप पुढं घेऊन खाली मान घालून बसलेल्या पोरीकडं बघितल्यावर कळलं. मला चटणी कुटण्याच्या आवाजाआड रडून घ्यावंसं वाटलं.

त्याच्या पुढच्या गुरुवारी मी पुन्हा अडकले. म की व, व की म. बाई खलबत्ता थांबवून माझ्याकडं बघत होत्या, आणि शेजारून अगदी हळू आवाज आला.

“मम्मी, व आहे. त्याला शेपटी नाही.”

माझी पोरगी. जिनं वर्षभर एक अक्षर वाचलं नव्हतं ती. मी वळून तिला कवटाळणार, एवढ्यात बाईंनी खालून माझ्या पायावर पाय दिला, असा की मी जागची हलले नाही. व म्हण, एवढंच म्हणाल्या, आणि पुन्हा कुटायला लागल्या. निघताना दारात मला बजावलं, शाबासकी दिलीस तर बघ. त्या दिवशीची प्रार्थना मला अजून पाठ आहे.

“प्रभू, हिला अजून थोडे दिवस नापास होऊ दे.”

मी मनापासून आमेन म्हणाले.

पुढचं फार मजेचं होतं. घरी पोरगी माझी मास्तरीण झाली. माझा कच्चेपणा बघून तिला कीव यायची. मला लक्षात राहावं म्हणून ती कानडी अक्षराखाली मराठी अक्षर लिहून द्यायची, मग शब्द, मग शब्दाचा अर्थ. मी चुकले की हसायची नाही. उलट, होतं मम्मी असं, सावकाश कर, म्हणायची. हे मी तिला कधी म्हटलं नव्हतं, आणि तिनं शिकून घेतलं होतं कुठून तरी. मी कणीक मळता मळता पुस्तक उघडायची, ती पाटावर बसून पानं धरायची. चांगली चालली होती आमची शाळा. पण बाहेर स्कूटर वाजली, पप्पा आले, की पुस्तक बंद. त्यांनी एकदा प्रेमानं जवळ घेऊन वाच म्हटलं तर तिचं पोट दुखायला लागलं. मी त्यांना सांगत होते, ती वाचते हो, देवाशपथ वाचते. मला ऐकू दे एकदा, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यांचंही काय चुकलं? मे उजाडला तरी त्यांनी काही ऐकलं नव्हतं, आणि शाळेत नाव घालण्यासाठी ते चौकशी करून आले होते.

त्याच मे महिन्यात बाईंनी सोलापूर सोडलं. गुडघे फारच धरले होते, आणि त्यांची लेक विजयपूरला नर्स आहे, ती न्यायला मागं लागली होती. कपाटं त्यांनी मंडळीला दिली. संडे स्कूलच्या खोलीत आहेत ती आता. नव्या लोकांनी विषयवार लावायचा घाट घातला होता, आम्ही चार-पाच आया मधे पडलो म्हणून वाचली. ते असो. निघायच्या दिवशी बाईंना स्टँडवर सोडायला आम्ही तिघं गेलो, बाई ट्रंक घेऊन रिक्षात आणि आम्ही मागून स्कूटरवर. मिस्टरांनी रिक्षातून ट्रंक उतरवली, खांद्यावर घेतली आणि कर्नाटकच्या गाड्या लागतात तिकडं निघाले. बाई आपलं स्टूल मांडून बसल्या, मी आणि पोरगी त्यांच्या दोन्ही बाजूंना.

दोन गाड्या शेजारीशेजारी उभ्या होत्या, दोन्ही सारख्या, दोन्हींवर कानडी पाट्या. मिस्टरांनी कुणाला तरी विचारलं, त्या माणसानं मान हलवली, हे पहिल्या गाडीत चढायला लागले. मी डोळे बारीक करून पाटी लावत होते, पहिलं अक्षर लागलं, पुढचं लागेना. बाई समोरच बघत होत्या. जिचा जन्म त्या गाड्यांतून गेला त्या बाईला ती पाटी दिसली नसेल, हे मी मरेपर्यंत मानणार नाही. पण त्या गप्प बसल्या. पदराचं टोक धरून, ओठ घट्ट मिटून.

“पप्पा, ती गाडी इंडीची आहे!” पोरगी स्टुलापासून पळत सुटली. “विजयपूरची ती पलीकडची.”

अख्ख्या स्टँडनं ऐकलं असेल. मिस्टर ट्रंक खांद्यावर घेऊन पायरीवर तसेच थांबले. कंडक्टरनं खाली डोकावून पोर बरोबर सांगतेय म्हणून सांगितलं. मिस्टरांनी वळून तिला विचारलं.

“तुला कुणी सांगितलं?”

“लिहिलंय की तिथं.”

तिला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. माणसं अवघडून उभी होती, गाडी चुकत होती, पाटी लिहिलेली होती. तिनं वाचली. मिस्टरांना कानडीचं ओ की ठो कळत नाही. त्यांनी पाटीकडं बघितलं, पुन्हा तिच्याकडं, आणि ट्रंक पलीकडच्या गाडीत नेऊन ठेवली. खाली उतरले तेव्हा डोळे पुसत होते, ट्रंकेची धूळ गेली म्हणाले.

बाईंनी गाडीत बसल्यावर खिडकीतून हात बाहेर काढून आमची डोकी जवळ घेतली आणि प्रार्थना केली. कंडक्टर घंटीची दोरी धरून थांबला होता, त्यानंही टोपी काढली. माझ्याबद्दल त्या दिवशी देवाला काही सांगितलं नाही. प्रभू, ह्या माणसाची घाई थोडी कमी कर, एवढंच म्हणाल्या. मिस्टरांचा आमेन सगळ्यांत मोठा होता. त्यानंतर बाईंचं माझं फोनवर बोलणं होतं, आता ऐकू कमी येतं त्यांना, पण शेंगांचा भाव विचारतात आणि पोरीला कानडीतून काहीतरी सांगतात. मला त्यातलं निम्मं कळतं.

स्टँडवरून घरी येताना मिस्टर स्कूटर इतकी हळू चालवत होते की सायकलवाले पुढं जात होते. दुकानाची पाटी आली की आणखी हळू. हे काय गं, म्हणायचे. पुढं उभी असलेली पोरगी वाचायची. कधी अडकायची, कधी भलतंच वाचून पुन्हा नीट करायची. मागून हॉर्न वाजत होते. हे थांबून राहायचे. एकदाही त्यांनी ‘पुन्हा’ म्हटलं नाही. मी मागं बसून त्यांच्या शर्टाला डोळे पुसत होते.

रात्री जेवण झाल्यावर त्यांनी तिला मांडीवर घेतलं. जून येतोय, म्हणाले, तुला शाळेत जायचंय का, तू सांग. तू म्हणशील तसं करू. मी ओट्यापाशी भांडी आवरत होते.

“मम्मीला पण घेतील का?” तिनं विचारलं. “तिला जोडाक्षरं अजून येत नाहीत. मी गेले तर ती एकटी काय करेल?”

मिस्टर हसले नाहीत. माझ्याकडं बघितलं, मग तिच्या केसांवरून हात फिरवला.

“मग राहू दे यंदा,” ते म्हणाले. “आधी मम्मीचं होऊ दे.”